एका शब्दाचे मोल

भाषांतरावर पोट भरणाऱ्या माणसाला एक खोड जडते. समोर आलेल्या परक्या शब्दाला आपल्या भाषेतला जोडीदार मिळाला, की आपले काम झाले असे त्याला वाटू लागते. गेली बारा वर्षे मी हाच व्यवसाय करीत आहे. दिल्लीतील आमच्या कचेरीत इंग्रजी मजकूर यावा, त्याचे मराठी करावे, मुद्रिते तपासावीत आणि अंक वेळेवर छापखान्यात धाडावा, हा माझा नित्यक्रम. इंदूर, बडोदे, बेळगाव, हैदराबाद अशा दूरदूरच्या गावी तुमच्या हाती हा अंक पडतो, तेव्हा त्यातील कित्येक शब्द माझ्या टेबलावरून गेलेले असतात. त्यांपैकी एखादा चुकला, तर फार तर एखाद्या चौकस वाचकाचे पत्र येते आणि पुढील अंकात आम्ही दिलगिरी छापतो. परंतु एक शब्द मजकडून असा चुकला, की कोणत्याही अंकात दिलगिरी छापून भागण्यासारखे नव्हते. त्याची किंमत माझ्या थोरल्या बहिणीने आपल्या आयुष्याच्या एका वर्षाने मोजली.

ती हकिकत आज तुम्हांला सांगावी असे मनात आहे. तुमच्यापैकी पुष्कळांच्या घरचे कोणी ना कोणी परदेशी शिकत असेल, किंवा शिकावयास निघाले असेल. त्यांना ती उपयोगी पडेल. आणि सांगितल्याने मलाही थोडे हलके वाटेल.

आम्ही मूळचे सोलापूरचे. वडील एका कापडाच्या दुकानात हिशेब लिहीत. १९९७ साली ते अकस्मात वारले, तेव्हा मी दहा वर्षांचा होतो आणि ताई बी. ए.च्या पहिल्या वर्षाची परीक्षा नुकतीच उत्तीर्ण झाली होती. दुसऱ्या वर्षाच्या प्रवेशाचा अर्ज तिने आणून ठेवला होता. तो भरला गेला नाही. घरात कोणी तिला कॉलेज सोड म्हटले नाही; पण सोडू नकोस असेही कोणी म्हटले नाही. जूनमध्ये मी नवा गणवेश घालून पाचवीच्या वर्गात गेलो आणि ताई विडी-कामगारांच्या वस्तीतील एका बालवाडीत जाऊ लागली. सोलापुरात विड्या वळणाऱ्या बायकांत तेलुगू बोलणाऱ्या पुष्कळ. त्यांची मुले बालवाडीत येत ती तेलुगूच बोलत. त्यांच्याशी बोलता यावे म्हणून ताई ती भाषा शिकली. पुस्तकातून नव्हे, तर मुलांच्या रडण्यातून आणि त्यांच्या आयांच्या गप्पांतून. बालवाडीत तिने सहा वर्षे काढली. माझी फी, माझी पुस्तके, पावसाळ्यातली माझी छत्री, सारे तिच्या त्या तुटपुंज्या मानधनातून आले. २००३ साली तिचे लग्न झाले आणि दाजींबरोबर ती अमेरिकेत न्यू जर्सीला गेली. मी यथावकाश बी. ए. झालो, दिल्लीस नोकरीला लागलो. घरातला पदवीधर मी ठरलो.

न्यू जर्सीत ताईने संसार केला, मुलगी वाढवली आणि मुलगी शाळेत जाऊ लागल्यावर एका पाळणाघरात नोकरी धरली. २०१७ साली एका रविवारी तिचा फोन आला. बोलता बोलता ती म्हणाली, "मी कॉलेजात नाव घालते आहे रे." पाळणाघरातील एका मुलाच्या चौकशीसाठी एक सरकारी समाजकार्यकर्ती आली होती. मुलाच्या अंगावर वळ आहेत का, एवढेच पाहून ती गेली नाही. आईला काम आहे का, घरभाडे किती थकले आहे, धाकट्याला कोण सांभाळते, हेही तिने शांतपणे विचारले आणि आठ दिवसांत त्या घराला हातभार मिळवून दिला. ताई म्हणाली, "बालवाडीत असताना मला हेच करावेसे वाटायचे, पण कसे करतात ते ठाऊक नव्हते. इथे ते शिकवतात."

आईला हे कळले तेव्हा तिने विचारले, "सेवेला परीक्षा कसली?" आपल्याकडे पुष्कळांच्या मनात हा प्रश्न येतो, म्हणून येथे थोडे थांबतो. समाजसेवा कोणीही करावी. पण संकटात सापडलेल्या कुटुंबाच्या घरात शिरून त्याला उभे करण्याचे काम निव्वळ कळवळ्याने होत नाही, हे जगाला हळूहळू कळत गेले. शिकागो शहरात जेन ॲडम्स यांनी १८८९ साली 'हल हाऊस' हे लोकवस्तीतले केंद्र काढले. १९३१ साली त्यांना शांततेचे नोबेल पारितोषिक मिळाले. अशा केंद्रांतून आणि धर्मादाय संस्थांच्या अनुभवातून समाजकार्याचे शास्त्र घडत गेले. मुंबईच्या नागपाड्यात क्लिफर्ड मॅन्शर्ट या अमेरिकन मिशनऱ्याने असेच केंद्र चालविले आणि त्याच्याच पुढाकाराने १९३६ साली समाजकार्याचे पदव्युत्तर विद्यालय तेथे निघाले. आज आपण ज्या संस्थेला टाटा समाजविज्ञान संस्था म्हणून ओळखतो ती हीच. तेव्हा ताई जे शिकावयास निघाली होती, ते आपल्या मातीला अगदीच परके नव्हते.

अमेरिकेत या व्यवसायाची शिस्त कडक आहे. समाजकार्य शिक्षणाची एक राष्ट्रीय परिषद तेथे १९५२ पासून आहे आणि १९७४ पासून ती पदवीपूर्व अभ्यासक्रमांनाही मान्यता देते. मान्यता असलेल्या विद्यापीठाचीच समाजकार्याची पदवी व्यवसायात धरली जाते. न्यू जर्सीत अशा पदवीधराला सरकारी मंडळाकडून 'प्रमाणित समाजकार्यकर्ता' असा दाखला मिळू शकतो. समाजशास्त्राची किंवा मानसशास्त्राची पदवी कितीही उत्तम गुणांनी मिळविली, तरी तिच्यावर हा दाखला मिळत नाही.

चार वर्षे विद्यापीठात शिकण्याचा खर्च ताईला झेपणारा नव्हता. परंतु तेथे सामान्य माणसासाठी एक दुसरी वाट आहे. तिला कम्युनिटी कॉलेज म्हणतात. इलिनॉय राज्यातील जोलिएट या गावी १९०१ साली सहा विद्यार्थ्यांवर अशा दोन वर्षांच्या शिक्षणाचा आरंभ झाला आणि ते कॉलेज आजही चालू आहे. न्यू जर्सीत अशी १८ कॉलेजे आहेत. आपल्या जिल्ह्यासारखा तेथे काउंटी हा विभाग असतो. त्या त्या काउंटीच्या रहिवाशांना आपल्या कॉलेजात कमी फी पडते. शालेय शिक्षण झालेल्या कोणालाही प्रवेश मिळतो. वर्ग सायंकाळीही भरतात. शेजारच्या बाकावर अठरा वर्षांचा मुलगा असतो, तशी पन्नाशीची आजीही असते. अभ्यासाचे मोजमाप तेथे 'क्रेडिट'मध्ये होते. आपण त्याला आता श्रेयांक म्हणू लागलो आहोत. सुमारे ६० श्रेयांक झाले की 'असोसिएट' ही दोन वर्षांची पदवी मिळते. पूर्ण पदवीला १२० लागतात. म्हणजे दोन वर्षे स्वस्तात गावच्या कॉलेजात काढावीत आणि तिसऱ्या वर्षी विद्यापीठात दाखल व्हावे, अशी ही योजना. या दाखल होण्याला 'ट्रान्स्फर' म्हणतात. तो शब्द फोनवर ऐकून आईने घाबऱ्या घाबऱ्या विचारले होते, "दाजींची बदली झाली का ग?"

आता माझ्या चुकीकडे येतो. ताईने मला कॉलेजच्या माहितीपत्रकाची दोन पाने पाठविली. दोन्ही अभ्यासक्रम मानवी सेवेचे, दोन्ही दोन वर्षांचे. एका पदवीच्या नावात नुसते 'सायन्स' होते, तर दुसरीच्या नावात 'अप्लाइड सायन्स'. खाली तिने लिहिले होते, "तू बी. ए. झालास, शिवाय भाषेचा माणूस. यातले कोणते घेऊ?" मी दहा मिनिटांत उत्तर धाडले. 'अप्लाइड' म्हणजे उपयोजित. उपयोजित कला, उपयोजित गणित, या शब्दाशी माझी चांगली ओळख होती. ज्ञान उपयोगात आणणे म्हणजे उपयोजन. आणि समाजकार्य म्हणजे तरी दुसरे काय? मी लिहिले, "उपयोजितच घे. तुझ्या कामाला तेच साजेल." पानाच्या तळाशी बारीक अक्षरात एक ओळ होती : हा अभ्यासक्रम दोन वर्षांनंतर थेट नोकरी करू इच्छिणाऱ्यांसाठी आहे. ती मी वाचली होती. मला तो त्या अभ्यासक्रमाचा आणखी एक गुण वाटला.

दिवसा पाळणाघर आणि सायंकाळी वर्ग, असे करीत ताईने तीन वर्षांत ६० श्रेयांक पुरे केले. २०२० च्या मे महिन्यात तिला असोसिएट पदवी मिळाली. राज्याच्याच एका विद्यापीठाकडे तिने समाजकार्याच्या पदवीसाठी अर्ज केला. गुण उत्तम होते. काही दिवसांनी विद्यापीठाने तिच्या श्रेयांकांचा हिशेब पाठविला. साठांपैकी ४१ स्वीकारले होते; १९ स्वीकारले नव्हते. नोकरीसाठी दिलेले प्रशिक्षण, नोंदी ठेवण्याचे तंत्र, संस्थेतील उमेदवारीचे तास, यांपैकी बहुतेक त्या १९मध्ये गेले. उलट विद्यापीठाला जे हवे होते, ते संख्याशास्त्र आणि जीवशास्त्र तिने घेतलेच नव्हते. कारण उपयोजित अभ्यासक्रमात ते सक्तीचे नव्हते.

हे मला ताईने सांगितले नाही. दाजींनी सांगितले, तेही दीड महिन्याने. "तिने तुम्हांला सांगू नका म्हटले आहे," असे म्हणून ते थोडा वेळ गप्प राहिले. त्या रात्री मी प्रथमच ते सारे नीट वाचावयास बसलो. न्यू जर्सीत २००७ साली एक कायदा झाला आहे. काउंटी कॉलेजातून कला किंवा विज्ञान शाखेची असोसिएट पदवी घेऊन राज्याच्या सरकारी विद्यापीठात जाणाऱ्याची ती दोन वर्षे पूर्ण धरावीत, असे अभय त्याने दिले आहे. ज्या कायद्याचे बोट धरून ताई निर्धास्त जाऊ शकली असती, तो माझ्या उत्तराच्या दहा वर्षे आधीच लिहिला गेला होता. त्यात कला होती, विज्ञान होते, 'उपयोजित' नव्हते. मी शब्दाचा अर्थ बरोबर सांगितला होता. त्या शब्दाने कोणते दार उघडते आणि कोणते बंद होते, हे मला ठाऊक नव्हते. आणि ठाऊक नाही हेही ठाऊक नव्हते.

मी फोन केला. काय बोलावे ते सुचेना. ताईच म्हणाली, "निम्मी चूक तुझी आणि निम्मी माझी. मी तुला विचारले. विचारायला हवे होते त्यांना, जिथे मला जायचे होते." मग जरा थांबून म्हणाली, "एकदा अर्ज घरात राहिला होता. या वेळी राहणार नाही."

वाचकहो, तेव्हापासून या विषयावर मिळेल ते मी वाचीत आलो आहे, आणि ताईसारखी माणसे थोडी नाहीत हे मला कळले आहे. अमेरिकेच्या संसदेसाठी सरकारी कारभार तपासणाऱ्या कार्यालयाने २०१७ साली एक अहवाल दिला. २००४ ते २००९ या काळात एका कॉलेजातून दुसरीकडे गेलेल्या विद्यार्थ्यांचे सरासरीने सुमारे ४३ टक्के श्रेयांक वाटेतच गळाले, असा अंदाज त्यात आहे. कम्युनिटी कॉलेजात पाऊल टाकणाऱ्या शंभरांपैकी सुमारे ८० जणांना पुढे पूर्ण पदवी घ्यावयाची असते. प्रत्यक्षात सुमारे तेहेतीस विद्यापीठात पोहोचतात. आणि सहा वर्षांच्या आत पदवी हाती येते ती जेमतेम सोळा जणांच्या. ही माणसे आळशी नसतात. नोकरी, मुले, आजारपण यांच्या ओझ्याखाली ती चालत असतात आणि अशा माणसाला एक वर्ष मागे ढकलले, की पुष्कळदा ते पुन्हा उठत नाही. ताई उठली, याचे श्रेय तिचेच. पण तिला ढकलणाऱ्यांत माझा हात होता, हे आकडे वाचताना मला विसरता येत नाही.

२०२० चे ते वर्ष साथीचे होते. कॉलेजचे वर्ग घरोघरी पडद्यावर भरत. ताईने राहिलेले विषय त्याच कॉलेजात घेतले आणि स्वयंपाकघरातील टेबलावर संख्याशास्त्राचे पुस्तक मांडले. तिच्याकडे रात्रीचे दहा वाजले म्हणजे माझ्याकडे सकाळचे साडेसात होत. मीही घरूनच काम करीत होतो. आठवड्यातून चार दिवस आम्ही फोनवर एकत्र उदाहरणे सोडवू लागलो. शाळेत गणिताचे मला भय असे; तेव्हा ताईच मला पाढे म्हणावयास लावी. आता प्रमाण विचलन म्हणजे काय, हे मी आधी रात्री वाचून ठेवी आणि सकाळी तिला सांगावयास जाई. बहुधा तिला ते आधीच कळलेले असे. पण ती मला सांगू देई. त्या विषयात तिला वरची श्रेणी मिळाली. मला काही मिळाले नाही. मात्र वर्षभर रोज सकाळी उठून मला काही तरी देता आले, हे माझ्यासाठी पुष्कळ होते.

त्या वर्षाने जे शिकविले, त्यातले उपयोगाचे तेवढे सांगतो. पहिली गोष्ट म्हणजे, विचारपूस शेवटच्या दारापासून सुरू करावी. ज्या विद्यापीठाची पदवी हवी, तेथील समाजकार्य विभागाला आधी लिहावे : तुम्ही कोणत्या कॉलेजातले कोणते विषय धरता? उत्तर लेखी घ्यावे. त्या अभ्यासक्रमाला राष्ट्रीय परिषदेची मान्यता आहे ना, तेही तेव्हाच पाहावे. पुष्कळ कॉलेजे आणि विद्यापीठे यांच्यात विषयांच्या समकक्षतेचे करार झालेले असतात; ते कोणालाही पाहता येतात. कॅलिफोर्नियात 'असिस्ट' नावाची सरकारी सोय आहे. तिच्यात कॉलेजचा विषय शोधला की विद्यापीठात तो कशाच्या जागी धरतात ते दिसते. न्यू जर्सीतही अशी सोय आहे. कॅलिफोर्नियाने तर २०१० साली कायदा करून खास स्थानांतरासाठीच एक असोसिएट पदवी निर्माण केली. ती घेणाऱ्यास राज्य विद्यापीठ-समूहात तिसऱ्या वर्षाची जागा निश्चित असते, आणि त्यात समाजकार्याचाही आराखडा आहे.

दुसरी गोष्ट. समाजकार्याचे मुख्य शिक्षण विद्यापीठातच व्हावयाचे असते. म्हणून पहिल्या दोन वर्षांत त्या नावाच्या विषयांमागे धावू नये; पाया भरावा. इंग्रजी लेखन, मानसशास्त्र, समाजशास्त्र, संख्याशास्त्र, जीवशास्त्र, राज्यव्यवस्था, हे विषय बहुधा कोठेही चालतात. मात्र 'सी'च्या खालची श्रेणी पुष्कळ ठिकाणी धरीत नाहीत. तिसरी गोष्ट म्हणजे, विद्यापीठात प्रवेश आणि समाजकार्य विभागात प्रवेश या अनेक ठिकाणी दोन वेगळ्या गोष्टी असतात. विभागाला निराळा अर्ज, शिफारसपत्रे आणि आपण या कामाकडे का वळलो त्याचे निवेदन द्यावे लागते. एक दार उघडले म्हणून दुसरे उघडले, असे समजू नये.

ते निवेदन ताईने मला दाखविले. इंग्रजी सुधारून देऊ का, असे मी विचारले. ती म्हणाली, "चुका तेवढ्या सांग, शब्द बदलू नकोस." मी दोन स्वल्पविराम सुचविले.

२०२१ च्या सप्टेंबरमध्ये ती विद्यापीठाच्या तिसऱ्या वर्षात दाखल झाली. त्या वेळी आणखी एका गोष्टीने माझे मन दुखावले. सोलापूरच्या बालवाडीतील सहा वर्षे आणि पाळणाघरातील इतकी वर्षे, यांना एकही श्रेयांक मिळाला नाही. तशी परिषदेचीच आज्ञा आहे : आयुष्यातील अनुभवाला किंवा पूर्वीच्या नोकरीला समाजकार्याचे श्रेयांक देऊ नयेत. मला हा अन्याय वाटला. ज्या कामावर माझे शिक्षण झाले ते शून्य कसे? ताईला तसे वाटले नाही. "अरे, बालवाडीत मी काय काय चुकले ते मला आता कळते आहे," ती म्हणाली. "एका पोराला आई मारते म्हणून मी त्या बाईला चारचौघांत बोलले होते. दुसऱ्या दिवसापासून पोर यायचे बंद झाले. सहा वर्षांत मला कोणी विचारले नाही, की तू असे का केलेस. इथे दर आठवड्याला विचारतात."

त्यांच्या पदवीत निदान ४०० तासांचे प्रत्यक्ष काम असते. चौथ्या वर्षी, आठवड्यातून दोन दिवस, ताईला वृद्धांसाठी दिवसा चालणाऱ्या एका केंद्रात नेमले होते. तेथे एक तेलुगू आजी येत. मुलाकडे राहावयास आलेल्या. इंग्रजी फारसे येत नसे. त्या कोणाशी बोलत नसत, जेवणाला हात लावीत नसत, विचारलेल्या प्रश्नांची भलतीच उत्तरे देत. त्यांना विसराळूपणाचा विकार जडला असावा, असा तेथील लोकांचा समज झाला होता. ताई त्यांच्याशेजारी बसली आणि विडी-कामगारांच्या वस्तीतल्या तेलुगूत म्हणाली, "अन्नम् तिन्नारा?" म्हणजे, जेवलात का? आजींनी मान वर करून तिच्याकडे पाहिले आणि त्या हसू लागल्या. असले गावंढळ तेलुगू कोठे शिकलीस, म्हणून त्यांनी विचारले. मग अर्धापाऊण तास त्या बोलत होत्या. विसरल्या त्या काहीच नव्हत्या. प्रश्न समजत नसत, आणि थंड जेवण घशाखाली उतरत नसे.

येथे ताईची गोष्ट संपविली असती तर ती गोड झाली असती. पण ताईला जे शिकविले होते ते याच्या पुढचे होते. आजींशी स्वतःच बोलत राहून तिने दुभाष्याची जागा घेतली नाही. आपल्या मार्गदर्शक बाईंना तिने सारे लिहून दिले. आजींची स्मरणशक्तीची तपासणी प्रशिक्षित दुभाष्याच्या मदतीने पुन्हा व्हावी, असे सुचविले. मुलाची भेट घेतली. जेवणाची व्यवस्था बदलून घेतली. तपासणी पुन्हा झाली आणि विकाराचा शेरा कागदावरून गेला. मला वाटले, बालवाडीचे ऋण फिटले. ताई म्हणाली, "तेलुगू बालवाडीने दिले, त्यानंतर काय करायचे ते कॉलेजने दिले. दोन्हींवाचून झाले नसते." तिच्या नोंदवहीत तो प्रसंग ४०० तासांपैकी पाऊण तास म्हणून लिहिला आहे.

२०२३ च्या मे महिन्यात, वयाच्या पंचेचाळिसाव्या वर्षी, ताई समाजकार्याची पदवीधर झाली. मान्यताप्राप्त विभागाची ही पदवी असली, की तेथील बऱ्याच विद्यापीठांत पदव्युत्तर शिक्षण दोनांऐवजी सुमारे एका वर्षात पुरे करता येते; ते करावे की नाही, याचा ती विचार करीत आहे. सध्या ती वृद्धांच्याच एका संस्थेत काम करते. पदवीदानाच्या दिवशी आईने सोलापुरहून फोन केला आणि सारे ऐकून घेऊन विचारले, "म्हणजे आता बदली नाही ना?" ताई म्हणाली, "नाही आई, आता कायम झाले."

ही गोष्ट केवळ अमेरिकेची राहिलेली नाही. आपल्या २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणाने श्रेयांक आपल्याही घरात आणले आहेत आणि २०२१ पासून ते साठविण्याची पेढीही सुरू झाली आहे. एक संस्था सोडून दुसरीत जाणे, मध्ये थांबणे, पुन्हा सुरू करणे, हे आपल्या मुलामुलींना आता शक्य होत आहे. ज्यांचे अर्ज कधी काळी घरातच राहून गेले, त्यांच्यासाठी तर हे मोठेच सुख आहे. पण वाट जितकी मोकळी, तितके फाटे अधिक, आणि प्रत्येक फाट्यावर एखादा साधासा दिसणारा शब्द उभा असतो.

आजही माझ्या टेबलावर 'अप्लाइड' हा शब्द येतो. मी 'उपयोजित' असेच लिहितो. कारण तो बरोबर आहे. मात्र लिहिण्यापूर्वी क्षणभर थांबतो. वाचकहो, तुमच्या घरातही कोणी तरी एखादे माहितीपत्रक तुमच्यापुढे धरील आणि म्हणेल, "तुम्ही शिकलेले आहात, यातले कोणते घेऊ?" विचारणाऱ्याच्या डोळ्यांत विश्वास असेल आणि उत्तर तुमच्या जिभेवर तयार असेल. त्या वेळी एवढेच म्हणा : शब्द मला ठाऊक आहे, वाट ठाऊक नाही. चल, ती वाट जेथे पोहोचते तेथल्यांना आपण दोघे मिळून विचारू.